एचआयव्हीवरील औषधे, ताटातील अन्न आणि चेहऱ्याला लावायची मलमे

एचआयव्हीवरील प्रतिविषाणू औषधे घेणाऱ्या व्यक्तीला पथ्याच्या नावाखाली बरेच काही ऐकावे लागते. दूध बंद करा, आंबट टाळा, लसूण वाढवा, हळद आणि मध घ्या. यातील बहुतेक सल्ल्यांना औषधशास्त्रात आधार नाही. मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली पित्ताची गोळी, हाडांसाठीचे कॅल्शियम, रक्तवाढीचे लोह किंवा गोरेपणाचे मलम यांविषयी कोणी एका शब्दानेही विचारत नाही; आणि या औषधांशी खरे वैर असलेल्या वस्तू नेमक्या याच यादीत सापडतात.

ही बाब केवळ पोट बिघडण्यापुरती नाही. प्रतिविषाणू औषधे विषाणूला शरीरातून कायमचे हद्दपार करत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. त्यासाठी औषधाची रक्तातील पातळी चोवीस तास ठरावीक मर्यादेच्या वर राहावी लागते. ती वारंवार खाली गेली की अपुऱ्या औषधाच्या सान्निध्यात विषाणू वाढू लागतो आणि त्या औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार निपजतात. मग पहिली औषधयोजना निरुपयोगी ठरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, ज्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी राहते, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासांत अशा जोडप्यांमध्ये एकाही जोडीदाराला दुसऱ्याकडून लागण झाल्याचे आढळले नाही. रोज गोळी घेणाऱ्याची ही कमाई असते. गोळी वेळेवर गिळूनही ती आतड्यात वाया जात असेल, तर ही कमाई त्याच्या नकळत निसटते.

गोळीगणिक वेगळे पथ्य

‘एचआयव्हीचे औषध’ असे एकच औषध नाही. त्यामुळे त्याचे पथ्यही एक असू शकत नाही. घरोघरी फिरणारे अनेक सल्ले जुन्या औषधांच्या काळातले आहेत. १९९६ मध्ये आलेले इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, उपाशीपोटी आणि मूतखडा होऊ नये म्हणून दिवसाला किमान दीड लिटर पाण्याच्या जोडीने घ्यावे लागे. डिडानोसिनलाही रिकामे पोट लागे, तर सॅक्विनाव्हिरला भरलेले. यातील दोन औषधे एकत्र घेणाऱ्याचा दिवस घड्याळाला बांधलेला असे. ही औषधे वापरातून गेली, पण त्यांच्या पथ्याची आठवण मागे राहिली.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत उपचार सुरू झाले, तेव्हापासून औषधयोजना अनेकदा बदलली आहे. मधल्या काळात अनेकांनी एफाव्हिरेन्झ घेतले. ते झोपताना, पोट शक्यतो रिकामे असताना घ्यावे असे सांगितले जाते, कारण तेलकट जेवणासोबत ते जास्त प्रमाणात शोषले जाते आणि गरगरणे, विचित्र स्वप्ने पडणे हे त्याचे उपद्रव वाढतात. आज राष्ट्रीय कार्यक्रमातील पहिल्या पसंतीची गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून आहे. ती जेवणाआधी, जेवणानंतर, केव्हाही चालते. जेवणासोबत डोल्युटेग्राव्हिरचे शोषण वाढते, पण त्या वाढीने अपाय होत नाही.

रिलपिव्हिरिनच्या गोळीचे मात्र नेमके उलटे आहे. ती पोटभर जेवणासोबतच घ्यावी लागते. उपाशीपोटी घेतल्यास रक्तातील पातळी सुमारे ४० टक्क्यांनी घटते आणि नुसत्या प्रथिनयुक्त पेयासोबत घेतल्यास सुमारे निम्म्याने. व्यायामशाळेतून परतल्यावर प्रोटीन पावडरच्या ग्लासाबरोबर ही गोळी घेणारा तरुण स्वतःच्या समजुतीप्रमाणे ‘खाऊनच’ घेत असतो. औषधाच्या हिशेबात मात्र ते जेवण ठरत नाही.

धातूंची मगरमिठी

डोल्युटेग्राव्हिरचे बळ आणि त्याचे मर्मस्थान एकच आहे. विषाणू आपली जनुकीय सामग्री माणसाच्या पेशीतील डीएनएमध्ये घुसवताना इंटिग्रेझ नावाचे विकर वापरतो आणि त्या विकराच्या गाभ्याशी मॅग्नेशियमचे अणू असतात. डोल्युटेग्राव्हिर त्या धातूला घट्ट पकडते आणि विकराचे काम थांबते. पण धातू पकडण्याची ही ओढ आतड्यातही कायम असते. तेथे कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम किंवा झिंक मोठ्या मात्रेत भेटले की औषध त्यांनाच बिलगते, आणि हे जोडपे आतड्याच्या भिंतीतून पलीकडे न जाता मलावाटे बाहेर पडते.

हे नुकसान किरकोळ नसते. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या चाचण्यांत अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेले पित्तशामक औषध डोल्युटेग्राव्हिरच्या सोबतच दिले असता शरीराला मिळणारे औषध ७४ टक्क्यांनी घटले. उपाशीपोटी लोहाच्या गोळीसोबत ही घट ५४ टक्के होती आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत ३९ टक्के. यावर उपायही याच चाचण्यांतून निघाला. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि डोल्युटेग्राव्हिर जेवणासोबत एकत्र घेतल्यास ही घट जवळजवळ भरून निघते. जेवण नसेल तर डोल्युटेग्राव्हिर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पित्तशामकाला जेवणाची सवलत लागू नाही. तेथे दोन आणि सहा तासांचा नियमच पाळावा लागतो.

याची सर्वाधिक झळ गर्भवतींना पोहोचू शकते. सरकारी कार्यक्रमानुसार गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली जाते. या गोळ्या मिळतात प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा प्रसूतितज्ज्ञाकडून. एचआयव्हीची गोळी मिळते एआरटी केंद्रातून. तिन्ही गोळ्या आवश्यकच आहेत, एकही सोडून चालणार नाही. पण सगळ्या गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून त्या सकाळी रिकाम्या पोटी एकाच घोटात गिळणे, हा सर्वांत सोयीचा वाटणारा मार्गच सर्वांत वाईट आहे. आईच्या रक्तातील विषाणू आटोक्यात राहणे हेच बाळाच्या बचावाचे मुख्य साधन असते. त्यामुळे गोळ्यांचे वेळापत्रक एका कागदावर मांडून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवणे हे या नऊ महिन्यांतले पहिले काम ठरावे. लोह आणि कॅल्शियम एकमेकांसोबतही घ्यायचे नसतात, हे या वेळापत्रकात ध्यानात ठेवावे लागते.

दूध, दही, पनीर, नाचणी यांतही कॅल्शियम असते, मग तेही वर्ज्य का, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर नाही असेच आहे. डोल्युटेग्राव्हिरसाठी दुधावर बंदी नाही आणि जेवणातील दही-ताकाची धास्ती घेण्याचे कारण नाही. गोळीत एका जागी ठासून भरलेले खनिज आणि अन्नात विखुरलेले खनिज यांत फरक असतो. बंदीच्या भीतीने दूध सोडणाऱ्याचे नुकसानच होते, कारण टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिलमुळे हाडांची घनता काही प्रमाणात कमी होऊ शकते.

आयुर्वेदिक औषधांबाबत ‘नैसर्गिक आहे, त्रास देणार नाही’ असे म्हणून हा विषय बाजूला सारला जातो. पण शंखभस्म आणि प्रवाळभस्म म्हणजे रासायनिकदृष्ट्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आणि मंडूरभस्म म्हणजे लोहाचे ऑक्साइड. वैद्याने दिले म्हणून खनिजाचा गुणधर्म बदलत नाही. हाडांसाठी गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना पाण्यातून किंवा दह्यातून घेण्याचा घरगुती उपाय अनेक घरांत चालतो, तोही कॅल्शियमच. या सगळ्यांना तासांच्या अंतराचा तोच नियम लावणे शहाणपणाचे.

पोटातील आम्ल

रिलपिव्हिरिन आणि अ‍ॅटाझनाव्हिर ही दोन औषधे विरघळण्यासाठी पोटात आम्ल लागते. पित्त कमी करणाऱ्या गोळ्या आम्लच घालवतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या वर्गातील गोळ्या रिलपिव्हिरिनच्या गोळीसोबत पूर्णपणे निषिद्ध आहेत. साध्या अँटासिडचे अंतर रिलपिव्हिरिनच्या दोन तास आधी किंवा चार तास नंतर असे ठेवावे लागते. डोल्युटेग्राव्हिर घेणाऱ्याला मात्र ओमेप्राझोलची अडचण नाही. एकाच तक्रारीवरची एक गोळी एका रुग्णाला चालते आणि दुसऱ्याचा उपचार बिघडवते, ती अशी. रोज सकाळी चहाबरोबर ‘गॅसची गोळी’ घेण्याची शहरी सवय पाहता हे ठाऊक असणे गरजेचे आहे.

पपनस, लसूण आणि एक पिवळे फूल

काही पदार्थ औषधाला आतड्यात अडवत नाहीत, तर ते मोडून काढणाऱ्या विकरांवर परिणाम करतात. यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी ३ए४ नावाचे विकर असते आणि अनेक औषधांची विल्हेवाट तेच लावते. ग्रेपफ्रूटच्या रसाने आतड्यातील हे विकर निकामी होते, हे कॅनडातील संशोधकांना १९८९ मध्ये जवळपास योगायोगाने कळले. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही. पण त्याचे एक पूर्वज, म्हणजे पपनस, कोकणातल्या परसात असते आणि त्यातही त्याच जातीची रसायने असतात. डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीला याची फिकीर नाही, कारण तिची विल्हेवाट मुख्यतः दुसऱ्या विकराकडे असते. रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची काही औषधे सोबत चालू असतील तर मात्र विचारून घ्यावे. मोसंबी, संत्रे, लिंबू यांवर आक्षेप नाही.

विकराला मंदावण्याऐवजी अधिक कामाला लावणारी वस्तू जास्त घातक ठरते. युरोपात नैराश्यावर वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीने इंडिनाव्हिरची पातळी ५७ टक्क्यांनी उतरते, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००० मध्ये दाखवले आणि तेथील औषध प्रशासनाने लगेच इशारा दिला. ही वनस्पती डोल्युटेग्राव्हिर आणि रिलपिव्हिरिनचीही पातळी घटवते. परदेशातून मागवलेल्या ‘मनःशांती’च्या हर्बल कॅप्सूलमध्ये ती असू शकते.

त्याच सुमारास लसणाचीही परीक्षा झाली. सुमारे तीन आठवडे लसणाच्या अर्काच्या गोळ्या घेतलेल्या स्वयंसेवकांमध्ये सॅक्विनाव्हिरची पातळी सरासरी ५१ टक्क्यांनी खाली आली आणि गोळ्या थांबवल्यावर दहा दिवसांनीही ती पूर्वपदावर आली नव्हती. फोडणीतल्या चार पाकळ्यांविषयी हा निष्कर्ष नाही. पण लसणाला औषध मानणाऱ्यांसाठी त्यात अर्थ होता, आणि तसे मानणारे लहान माणसे नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन आरोग्यमंत्री मँटो त्शाबालाला-मसिमांग या प्रतिविषाणू औषधांविषयी शंका घेत आणि लसूण, बीट व लिंबाची भलामण करीत. ऑगस्ट २००६ मध्ये टोरंटोतील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत त्या देशाच्या दालनात या वस्तू मांडल्या गेल्या तेव्हा जगभर टीका झाली. औषधे वेळेत न पुरवल्याने २००० ते २००५ या काळात तेथे तीन लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. अन्नाला औषधाच्या जागी बसवण्याची किंमत याहून स्पष्ट आकड्यांत क्वचितच मोजली गेली असेल.

आफ्रिकेतूनच दिलासा देणारी माहितीही आली आहे. शेवग्याच्या पाल्याची भुकटी तेथील अनेक रुग्ण शक्तीसाठी घेतात. झिंबाब्वेतील संशोधकांनी तिचा नेव्हिरापिनवरील परिणाम तपासला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत लक्षणीय फरक आढळला नसल्याचे नोंदवले. भाजीतील हळद, मिरी, आले हेही रोजच्या मात्रेत निरुपद्रवी आहेत. मिरीचा अर्क घालून तयार केलेल्या हळदीच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे. मिरीचा अर्क त्यात मिसळला जातो तो शोषण वाढवण्यासाठीच, आणि तो हळदीपुरता थांबेल याची हमी नसते.

त्वचेच्या बाटल्या आणि ट्यूब

त्वचेचे काम बाहेरच्या वस्तू बाहेर ठेवण्याचे आहे आणि ते ती चोख करते. मॉइश्चरायझर, नायसिनामाइड, हायल्युरोनिक आम्ल, क जीवनसत्त्वाचे सीरम, मुरुमांवरील सॅलिसिलिक आम्ल, चेहऱ्याला लावायचे रेटिनॉइड यांपैकी कशाचीही एचआयव्हीच्या गोळ्यांशी दखल घेण्याजोगी आंतरक्रिया नाही. सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड हा झिंकच आहे, पण तो गालावर राहतो आणि गोळी आतड्यात. त्यांची गाठ पडत नाही. केस आणि त्वचेसाठी पोटातून घ्यायच्या गोळ्यांत मात्र झिंक, लोह, कॅल्शियम असते आणि त्यांना वर सांगितलेला तासांचा नियम लागू होतो. अशा गोळ्यांतील बायोटिनची मोठी मात्रा थायरॉईडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे बिघडवू शकते, म्हणून रक्त देण्यापूर्वी ते सांगावे.

चिंता आहे ती स्टेरॉईडच्या मलमांची. काही प्रतिविषाणू औषधांनी त्वचेत दिसणारे बदल होतात. झिडोव्हुडिनने नखे आणि त्वचा काळवंडते, एम्ट्रिसिटाबिनने तळहात-तळपायांवर डाग उमटू शकतात. एचआयव्हीच्या संसर्गातही खाजरे पुरळ नेहमीचे. लोक विचारतील या धाकाने रुग्ण उजळपणाच्या किंवा खाज-गजकर्णाच्या मलमाकडे वळतो, आणि त्या ट्यूबमध्ये बरेचदा क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असते. अशा मलमांचा गैरवापर वाढल्यामुळे केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉईड मलमे चिठ्ठीवरच विकण्याच्या ‘एच’ अनुसूचीत आणली. तरीही दुकानदाराला नाव सांगून ती मिळवणे अनेक ठिकाणी कठीण नाही.

पहिल्या टप्प्यातील डोल्युटेग्राव्हिरच्या गोळीशी या मलमांचे भांडण नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यातील औषधयोजनेत अ‍ॅटाझनाव्हिर वा दारुनाव्हिरसोबत रिटोनाव्हिर असते, तेथे प्रश्न उभा राहतो. रिटोनाव्हिर अल्प मात्रेत दिले जाते ते विकर थोपवून जोडीदार औषध टिकवण्यासाठी. पण ते विकर स्टेरॉईडही मोडत असल्याने स्टेरॉईडही रक्तात साचत राहते. नाकात मारायच्या फ्लुटिकासोनच्या फवाऱ्यासोबत रिटोनाव्हिर दिले असता शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसोल ८६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे. गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेल्या ट्रायमसिनोलोनच्या एका इंजेक्शननेही हे घडल्याच्या नोंदी आहेत. छोट्या चट्ट्यावर चार दिवस लावलेल्या मलमाने सहसा तसे होत नाही. मोठ्या भागावर, चेहऱ्यासारख्या पातळ त्वचेवर, महिनोन्‌महिने लावल्यास धोका वाढत जातो. चेहरा गोल फुगणे, पोटाभोवती चरबी, जांभळट रेघा, वाढता रक्तदाब आणि साखर ही त्याची लक्षणे. ती दिसल्यावर घाबरून मलम एकदम बंद करणेही घातक असते, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे थांबवलेले असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचे.

स्वस्त, नाव-पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या मलमांत पाराही सापडतो. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत नकळत राहणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग आहे. डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा आहे. अशी मलमे वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा विशिष्ट विकार वाढल्याचे केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये निदर्शनास आणले. ही आंतरक्रिया नाही. पण टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल घेणाऱ्याच्या मूत्रपिंडावर आधीच लक्ष ठेवावे लागते, त्यावर पाऱ्याचा भार कशाला?

सांगायचे कोणाला?

या साऱ्या घटनांत एक समान धागा आहे. एचआयव्हीचा उपचार एका दारात होतो, त्वचेचा दुसऱ्या दारात, हाडांचा तिसऱ्या, आणि रुग्ण प्रत्येक दारात उरलेल्यांविषयी मौन पाळतो. ओळख फुटेल, ही भीती काल्पनिक नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने संमतीशिवाय कोणाचीही स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे आणि उपचारांतील भेदभावही बेकायदा ठरवला आहे. तरीही दुकानाच्या गर्दीत हे बोलणे अवघड जाते, हे मान्यच करायला हवे.

अशा वेळी मार्ग उलटा धरता येतो. औषधाच्या दुकानात एचआयव्हीविषयी बोलण्याऐवजी, एआरटी केंद्रातील डॉक्टर, समुपदेशक किंवा औषधनिर्मात्याला बाहेरच्या सगळ्या वस्तू दाखवाव्यात. तेथे नवे काही उघड करायचे नसते. ब्रिटनमधील लिव्हरपूल विद्यापीठ एचआयव्हीच्या औषधांच्या आंतरक्रियांची सूची वर्षानुवर्षे मोफत उपलब्ध करून देत आहे. डॉक्टर तीत हव्या त्या घटकाचे नाव टाकून पाहू शकतात. त्यासाठी नाव अचूक लागते. ‘पांढरी गोळी’ आणि ‘पिवळ्या टोपणाचे मलम’ एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही, म्हणून पुढच्या तारखेला जाताना गोळ्यांची पाकिटे, भस्माची डबी आणि संपत आलेली ट्यूब एका पिशवीत भरून सोबत न्यावी.